केपलरची आई

केपलरचे तीन नियम आपण सगळ्यांनीच फिजिक्समध्ये घोकले आहेत. पण १६१८ साली त्याला तिसरा नियम सापडला तेव्हा त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप होता, हे आपल्याला कुठल्याच टेक्स्टबुकने सांगितलं नाही!

तिचं नाव काथारिना. जन्म १५४७ च्या सुमारास, जर्मनीतल्या एल्टिंगेन गावी. नवरा भाडोत्री सैनिक. तो एकदा गेला तो परत आलाच नाही. घर, शेती आणि मुलं हिने एकटीने सांभाळली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण झाडपाल्याची माहिती भरपूर. आपल्या बालाघाटातल्या खेड्यांतही अशी जाणती म्हातारी असायची, रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजची ओपीडी व्हायच्या आधी लोक तिच्याकडेच जायचे. १५७७ चा मोठा धूमकेतू जेमतेम सहा वर्षांच्या योहानेसला तिनेच दाखवला होता.

१६१५ मध्ये लिओनबर्ग गावात उर्सुला राइनबोल्ड या बाईने ओरड केली, की काथारिनाने दिलेल्या पेयामुळे मी आजारी पडले. उर्सुलाचं काथारिनाच्या धाकट्या मुलाशी आधीच वाजलं होतं. तिच्या भावाने तर म्हातारीवर तलवार रोखली आणि करणी उलटव म्हणून धमकावलं. हे घडलं गावचा अधिकारी आइनहॉर्न याच्यासमोर! या महाशयांच्या कारकिर्दीत १५ बायकांवर असे आरोप झाले आणि त्यातल्या ८ जणींना मृत्युदंड मिळाला.

केपलर कुटुंबाने उलट बदनामीचा दावा लावला. पण म्हातारी स्वभावाने फटकळ, आणि तिने दोन गोष्टी फार वाईट केल्या. एक म्हणजे केस मिटवायला आइनहॉर्नला चांदीचा पेला देऊ केला. दुसरी म्हणजे वडिलांच्या कवटीचा पेला करून मुलाला द्यावा, असं तिच्या मनात होतं, म्हणून तिने कबरी खणणाऱ्याकडे ती कवटी मागितली होती. झालं, विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं.

ऑगस्ट १६२० मध्ये रात्रीच्या वेळी तिला मुलीच्या घरातून पेटीत घालून नेलं. वय सत्तरीच्या पुढे, आणि पुढचे १४ महिने साखळदंडात. आरोप ४९!

केपलर तेव्हा सम्राटाचा गणिती होता. तो लिंझहून आला आणि आईच्या बचावाचं काम त्याने स्वतः अंगावर घेतलं. मला त्याची पद्धत फार आवडली. चेटूक असतं की नसतं या वादात तो शिरलाच नाही. एकेक आरोप घेऊन त्याचं साधं कारण दाखवत गेला. एका मुलीचा हात म्हणे हिच्या स्पर्शाने दुखायला लागला, तर ती मुलगी विटांचं जड ओझं वाहत होती. उर्सुला तर आधीपासूनच आजारी होती आणि कडक औषधं घेत होती. प्रत्येक साक्षीतली विसंगती त्याने टिपली. (आपल्याकडे कुणाला चेटकीण ठरवून छळणं गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ मध्ये आला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर.)

शेवटी ट्युबिंगेनच्या कायदेपंडितांनी ठरवलं, तिला फक्त छळाची हत्यारं दाखवून घाबरवावं. २८ सप्टेंबर १६२१ ला ती हत्यारं समोर मांडली. म्हातारीने काहीही कबूल केलं नाही. ऑक्टोबरमध्ये ती सुटली, पण लिओनबर्गला परतायची सोय उरली नव्हती, तिथे लोक जीव घ्यायच्या गोष्टी करत होते. एप्रिल १६२२ मध्ये ती वारली.

केपलरने फार पूर्वी चंद्राच्या प्रवासाची एक गोष्ट लिहिली होती, नाव 'सोम्नियम'. त्यात नायकाची आई वनस्पती विकणारी, भुताशी बोलणारी दाखवली होती. त्या हस्तलिखिताच्या प्रती बाहेर फिरल्या आणि आईवरच्या संशयाला खतपाणी मिळालं, अशी त्याची समजूत झाली. खटल्यानंतर त्याने त्या छोट्याशा गोष्टीला तब्बल २२३ टिपा जोडल्या. पुस्तक छापलं गेलं १६३४ मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी.