रुडॉल्फ डिझेल आणि शेंगदाण्याचे तेल

दरवर्षी १० ऑगस्टला आपल्याकडे जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेल यांनी शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ऑग्सबर्गच्या कारखान्यातील त्या पहिल्या चाचणीत खनिज इंधन होते. ते पेटताच दाब इतका वाढला की दाबमापक फुटून तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावले.

त्यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये, जर्मन कुटुंबात झाला. १८७० च्या युद्धात कुटुंबाला फ्रान्स सोडावे लागले आणि बारा वर्षांचा रुडॉल्फ शिक्षणासाठी ऑग्सबर्गला गेला. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांच्याकडे शिकताना त्यांना कळले, की वाफेचे इंजिन कोळशातील जेमतेम दहा टक्के उष्णता कामी लावते. ही उधळपट्टी थांबवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. हवा प्रचंड दाबली की ती इतकी तापते की ठिणगीशिवाय इंधन पेटते, हे तत्त्व त्यांनी वापरले. १८९७ मध्ये त्यांच्या इंजिनाची कार्यक्षमता २६ टक्क्यांवर पोहोचली.

शेंगदाणा तेलाचा प्रयोग झाला तो १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. ऑटो कंपनीने मांडलेले छोटे डिझेल इंजिन त्या तेलावर चालत होते, तेही इतके सुरळीत की फार थोड्यांच्या ते लक्षात आले. आफ्रिकेतील वसाहतींत मुबलक पिकणारा भुईमूग इंधन म्हणून वापरता येईल, असा फ्रेंच सरकारचा विचार होता. डिझेल यांनीही पुढे अशा चाचण्या केल्या आणि १९१२ मध्ये वनस्पती तेलांना मोठे भवितव्य असल्याचे मत मांडले.

पुढची इंजिने मात्र स्वस्त, पातळ खनिज डिझेल गृहीत धरून घडली. वनस्पती तेल त्याच्या सुमारे दहापट दाट असते. त्याचा बारीक फवारा होत नाही, ज्वलन अर्धवट होते आणि नोझलवर काजळी साचते. उपाय दोन : तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवून पातळ करणे, किंवा अल्कोहोलशी अभिक्रिया घडवून त्याचे बायोडिझेल बनवणे. करंजाच्या तेलावर आपल्याकडे झालेल्या प्रयोगांत बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळून, मिश्रण आधी तापवूनही पाहिले गेले. इंजिनाच्या उष्ण धुरातली वाया जाणारी उष्णता त्यासाठी वापरता येते.

हे पाहायला डिझेल नव्हते. कर्जात बुडालेले डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून नाहीसे झाले. वाया जाणारी उष्णता वाचवण्याचा त्यांचा ध्यास मात्र या प्रयोगांत आजही जिवंत आहे.