थोर गणिती भास्कराचार्य

समजा शिरपूरच्या बसस्थानकावर तुम्हाला दोन जण भेटले. प्रत्येक जण एकतर नेहमी खरं बोलतो, नाहीतर नेहमी खोटं. पहिला सांगतो की आम्ही दोघेही खोटारडे आहोत. मग कोण कसा? पहिला खरं बोलतो असं धरून बघा. तसं असेल तर तो स्वतःच खोटारडा ठरतो, म्हणजे जुळलं नाही. म्हणून पहिला खोटारडा. त्याचं बोलणं खोटं, म्हणून दुसरा खरं बोलणारा!

आधी काहीतरी धरायचं, मग तपासायचं. हीच रीत गणितात सुंदर वापरली भास्कराचार्यांनी.

त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीजवळचं विज्जडविड हे आपलं गाव असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. ते गाव आज कोणतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख बघा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे खानदेशाशी त्यांचं नातं पक्कं!

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, गणिताध्याय आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावतीत इष्टकर्म नावाची रीत आहे. एक उदाहरण करू. टोपलीतली केळी, त्यांची निम्मी आणि त्यांची पाव मिळून ७० होतात. तर टोपलीत केळी किती? खुशाल ४ धरा. ४ + २ + १ = ७ आले. हवे होते ७०, म्हणजे दहापट. म्हणून केळी ४०. धरलेली संख्या चुकीची, पण उत्तर बरोबर!

मोठ्यांचं म्हणणंही ते तपासून घेत. गोलाच्या पृष्ठफळासाठी लल्ल या जुन्या आचार्यांनी दिलेला नियम चुकीचा आहे, हे त्यांनी दाखवलं आणि परीघ गुणिले व्यास हा बरोबर नियम दिला. वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला.

आता आपणही एक गोष्ट तपासू या. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाहीच, बरं का! ती येते अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. गोष्ट गोड आहे, जरूर सांगा. फक्त ती इतिहास म्हणून परीक्षेच्या पेपरात लिहू नका. भास्कराचार्यांकडून शिकायचं ते हेच: कोण बोललं यापेक्षा ते टिकतं का, हे बघायचं.

गृहपाठ: दोघांपैकी पहिला म्हणतो की आमच्यात निदान एक तरी खोटारडा आहे. तर कोण कसा? पहिला खोटारडा आहे असं धरून सुरुवात करा आणि कारणासह वहीत लिहा.