जॉर्ज रुओ : चित्रकार आणि कुटुंबवत्सल पिता

फ्रेंच चित्रकार जॉर्ज रुओ यांचा जन्म २७ मे १८७१ रोजी पॅरिसमध्ये एका तळघरात झाला. बाहेर तोफा धडधडत होत्या. वडील लाकूडकाम करणारे कारागीर. चौदाव्या वर्षी जॉर्ज रंगीत काचांच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. त्यांच्या चित्रांतल्या जाड काळ्या रेषा पाहून आम्हाला चर्चच्या खिडक्यांतील शिशाच्या पट्ट्याच आठवतात.

१९०८ साली मार्थशी त्यांचा विवाह झाला. चार मुले झाली. रुओ श्रद्धाळू कॅथोलिक. पण विदूषक, वेश्या, न्यायाधीशही रंगवीत. पुष्कळांना ती चित्रे कुरूप वाटत. (आम्हाला त्यांत दुःखी ख्रिस्त दिसतो.)

वोलार नावाच्या व्यापाऱ्याने त्यांची अपुरी चित्रेसुद्धा विकत घेतली होती. १९३९ साली वोलार वारले आणि त्यांच्या वारसांनी ती अडवून ठेवली. रुओ कोर्टात गेले. १९४७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. मिळालेल्यांपैकी ३१५ चित्रे त्यांनी १९४८ साली साक्षीदारांदेखत जाळून टाकली! वय ७७, ती पूर्ण करणे आता होणार नव्हते. विकली असती तर मुलाबाळांना केवढा पैसा मिळाला असता! प्रापंचिक माणसाला हे सोपे नसते.

१३ फेब्रुवारी १९५८ रोजी ते देवाघरी गेले. सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. घरात उरलेली शेकडो अपुरी चित्रे मार्थ आणि मुलांनी १९६३ साली विकली नाहीत, देशाला दिली.