स्वरांचे नियम शोधणारे पंडित भातखंडे

तानसेनाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच. त्याने दीपक राग गायला की दिवे आपोआप लागायचे आणि मल्हार गायला की पाऊस यायचा म्हणे. आपल्या मावळात पावसाला बोलवायला गाणं लागत नाही, तो न बोलावताच कोसळतो, ही गोष्ट वेगळी! पण गाण्याने वाट्टेल तेव्हा वाट्टेल ते होऊ लागलं तर गोष्टीत मजा राहत नाही. शत्रू आला, गवई गायला, शत्रू पळाला, संपली गोष्ट. जादूलासुद्धा नियम पाहिजेत. या अंकासाठी गाण्याच्या जादूची गोष्ट लिहायची म्हणून मी असे नियम शोधत होते, तेव्हा मला पंडित विष्णू नारायण भातखंडे सापडले.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. लहानपणी ते बासरी वाजवीत, पुढे सतार शिकले. १८८७ साली ते वकिलीची परीक्षा पास झाले. वकिली केली खरी, पण जीव सगळा गाण्यात.

त्या काळी गाणं गुरूच्या गळ्यात असे, कागदावर फारसं नसे. पुष्कळ गवई आपल्या चिजा बाहेरच्या माणसाला देत नसत. म्हातारा गवई वारला की त्याच्या चिजाही त्याच्याबरोबर जायच्या. शिवाय एकच राग दोघे दोन तऱ्हेने गात आणि एकमेकांचं चूक म्हणत. मग शिकणाऱ्यानं करायचं काय?

१९०० साली त्यांच्या पत्नी वारल्या आणि १९०३ साली मुलगीही गेली. घर रिकामं झालं. मग त्यांनी उरलेलं आयुष्य गाण्याच्या शोधाला दिलं आणि पुढे वकिलीही सोडली. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. तिथं ७२ मेळांत राग बसवायची जुनी पद्धत त्यांनी पाहिली. मग उत्तरेकडे हिंडले. गवयांच्या दारात बसून चिजा ऐकायच्या आणि लिहून घ्यायच्या. तानसेनाच्या वंशातले वझीर खाँ रामपूरला होते, तिथंही जाऊन ते शिकले. एवढा शिकलेला वकील पुन्हा विद्यार्थी झाला, हे मला फार मोठं वाटतं.

आता त्यांचे नियम बघा. सा रे ग म प ध नी हे सात शुद्ध स्वर. त्यांतले रे, ग, ध, नी कोमल होतात आणि म तीव्र होतो. म्हणजे एकूण १२. यांतून पंडितजींनी दहा थाट ठरवले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. भैरव थाटात रे आणि ध कोमल. पूर्वी थाटातही तेच, फक्त म शुद्ध नाही, तीव्र. एवढ्या एका स्वराचा फरक, पण भैरव पहाटेचा आणि पूर्वी सांजेचा! दिवस आणि रात्र जिथं भेटतात त्या वेळच्या रागांना संधिप्रकाश राग म्हणतात.

हे वाचलं आणि माझी गोष्ट सुटली. माझ्या गोष्टीतला गवई दीपमाळ पेटवतो, पण फक्त सांज झाल्यावर. घाईत तीव्र म च्या जागी शुद्ध म लागला तर पहाटेचा राग होतो आणि दिवे विझतात. शत्रू मात्र भर दुपारी येतो. आता तो काय करील? (जादू माझी आहे बरं का. पंडितजींनी फक्त स्वर आणि वेळ सांगितली.)

सगळे राग दहाच थाटांत नीट बसत नाहीत, असं काही जाणकारांचं म्हणणं आहे. असेलही. पण आधी कुणीतरी मांडणी केली म्हणून तर तिच्यावर वाद घालता आला.

१९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. १९२६ साली लखनौला संगीताचं कॉलेज निघालं, ते आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. मराठीत त्यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार मोठे ग्रंथ लिहिले, तेही गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांसारखे. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ, वरच्या सप्तकाला वर टिंब, खालच्याला खाली टिंब, समेला फुली. ही खूण कळली की आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलालाही चीज वाचता येते.

१९३३ साली त्यांना अर्धांगवायू झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते वारले. १९६१ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. ते मी शेजारी काढून रंगवलं आहे, आणि त्याच्याखाली दहा थाटांचा तक्ता आहे. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी तो उतरवून न्यावा आणि भैरव व पूर्वी लागोपाठ वाजवून पाहावेत.