छायाचित्रकार दादासाहेब

एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होत होते. त्या सुमारास बडोदे शहरात एक विचित्र समजूत पसरली होती. छायाचित्रकाराच्या यंत्रासमोर जो बसेल, त्याच्या अंगातील शक्ती ते यंत्र शोषून घेते आणि तो माणूस लवकर मरतो, असे लोक मानू लागले होते. त्यामुळे तेथील एका तरुण छायाचित्रकाराच्या दुकानाची पायरी कोणी चढेनासे झाले. यंत्र होते, हातात कसब होते. गिऱ्हाईक तेवढे नव्हते. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा कुटुंब मुंबईस आले. शास्त्र्यांच्या मुलाने शास्त्री व्हावे, ही त्या काळची रीत. परंतु धुंडिराजांचा ओढा रंग, रेषा आणि सोंगे यांकडे होता. दाजीशास्त्र्यांनी मुलाचा कल ओळखला आणि १८८५ साली त्याला जे. जे. कलाशाळेत घातले. तेथून धुंडिराज वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेले.

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन नावाची संस्था निघाली होती. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे तिचे प्रमुख. धुंडिराज तेथे तैलचित्रे व जलरंगातील चित्रे काढावयास शिकले. पण त्यांचे मन खरे रमले ते कॅमेऱ्यात. गज्जरांनी या विद्यार्थ्याची धडपड पाहून कलाभवनातील प्रयोगशाळा त्याला मोकळी करून दिली. छायाचित्रावरून छपाईचे ठसे कसे करावेत, तीन रंगांचे ठसे एकावर एक छापून रंगीत चित्र कसे उमटवावे, ही विद्या शिकण्यासाठी त्यांनी त्याला रतलामलाही धाडले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात धुंडिराजांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. छायाचित्रकाराने नाट्यगृहाची प्रतिकृती करावी, हे प्रथम जरा चमत्कारिक वाटते. पण तो काळच नाटकांचा होता. संगीत नाटके ऐकण्यासाठी लोक रात्रीच्या रात्री जागत. गायकनटाच्या एकेका पदाला पुनःपुन्हा दाद मिळे, आणि पहाटे घरी परतताना तीच पदे लोकांच्या ओठांवर असत.

१८९५ साली धुंडिराजांनी गुजरातेतील गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. धंद्याचा जम बसतो न बसतो तोच प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पत्नी आणि अपत्य दोघेही दगावली. ज्या गावात संसार मांडला, तेथे राहवेना. ते पुन्हा बडोद्यास आले, आणि तेथे त्यांच्यापुढे उभी राहिली ती कॅमेऱ्याची भीती.

दुकान चालेना, तेव्हा ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, रस्ता असे देखावे पडद्यावर उतरवायचे, ते दिव्यांच्या उजेडात कसे दिसतील हे पाहायचे आणि नटांची ये-जा न्याहाळायची. ही त्यांची दुसरी शाळाच झाली. याच सुमारास बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले. मग आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी प्रोफेसर केल्फा असे नाव घेतले आणि जादूचे प्रयोग सुरू केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातली होती. तिचे सासरचे नाव सरस्वती.

पुढील आठ-नऊ वर्षांत त्यांनी किती उद्योग केले याची गणती करणे कठीण. १९०३ साली ते सरकारच्या पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून लागले. तीन वर्षांनी ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला आणि राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचे कामही केले. नंतर दादरला मोठे मुद्रणालय उभे राहिले. त्याच्या यंत्रांसाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. छपाई नामांकित होऊ लागली. पण भागीदारांशी पटेना, आणि दादासाहेब स्वतःच उभारलेल्या छापखान्यातून रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळिशीच्या घरात, पदरी मुलेबाळे. अशा वेळी शहाणा माणूस एखादी बऱ्यापैकी नोकरी पाहतो.

१९११ सालच्या ईस्टरच्या सणाचे दिवस होते. दादासाहेब मुलाला घेऊन गिरगावातील एका चित्रगृहात गेले. पडद्यावर जनावरे चालताना, धावताना दिसली. घरी येऊन मुलाने ती हकीकत सांगितली, तर कोणालाच ती खरी वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी दादासाहेब सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट होता. ख्रिस्ताचे प्रसंग पडद्यावर सरकत होते आणि दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे राम व कृष्ण उभे राहत होते. परदेशी लोक आपल्या पुराणपुरुषांना असे चालतेबोलते करतात, मग आपण का करू नये, या विचाराने त्यांना झोप येईना.

त्यांनी लहानसे यंत्र मिळवले आणि अभ्यास आरंभला. दिवसा प्रयोग, संध्याकाळी चित्रपट पाहणे, रात्री पुन्हा प्रयोग. झोप अशी नाहीच. या अतिश्रमाने त्यांचे डोळे जवळजवळ गेले. ज्याचा सारा जन्म पाहण्यावर आणि दाखवण्यावर उभा, त्याला समोरचे दिसेना! एका डॉक्टरांच्या उपचारांनी व निरनिराळ्या चष्म्यांच्या साह्याने दृष्टी परत आली, आणि दृष्टी येताच दादासाहेब पुन्हा त्याच कामाला लागले. घरच्यांनी याला वेड म्हटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

विम्याचे कागद गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला प्रयाण केले. लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. चित्रपटविषयक 'बायस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादकांनी आधी त्यांना या भानगडीत न पडण्याचा सल्ला दिला. पण त्यांची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला कारखाना या अनोळखी परदेशी माणसाला मोकळेपणाने दाखवला. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि काही कच्ची फिल्म खरेदी करून दादासाहेब एप्रिलमध्ये मुंबईस परतले.

या खटपटीच्या काळातील एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी कॅमेरा त्याच्यासमोर रोखून ठेवला व रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसे. माती दुभंगते, कोंब डोके काढतो, वेल वर चढते! हे पाहून पैसा असलेल्या मंडळींचा विश्वास बसला आणि भांडवलाची वाट मोकळी झाली.

मग दादरच्या घरातच कारखाना सुरू झाला. कच्च्या फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे नसत. यंत्रातील दातेरी चाकाला फिल्म पुढे ओढता यावी म्हणून ती घरी पाडावी लागत, आणि उजेड लागला तर फिल्म वाया जाई. हे काम सरस्वतीबाई रात्री अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने करीत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच हाती. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्यासही त्याच उभ्या राहत. चित्रपटात काम करण्यास मात्र कोणी स्त्री मिळेना. शेवटी एका खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून तारामती करण्यात आले. दत्तात्रय दाबके राजा झाले आणि दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला.

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी सुरू झाला. तेव्हा कळून आले की, मागे केलेला कोणताच उद्योग वाया गेला नव्हता. देखावे रंगवणारा हात होता. मंदिरे टिपणारी नजर होती. आणि प्रोफेसर केल्फांची जादूही होती. कॅमेरा थांबवायचा, नटाला आणून उभे करायचे आणि कॅमेरा पुन्हा चालू करायचा. पडद्यावर मात्र तो शून्यातून प्रकट झालेला दिसे! अशा युक्त्यांनी दादासाहेबांनी आपल्या चित्रपटांत किती तरी चमत्कार घडवले.

परंतु हे चित्र मुके होते. नाटकाच्या पदांवर लुब्ध असणाऱ्या लोकांना ते कसे रुचावे? म्हणून अशा खेळांच्या वेळी पडद्याजवळ वादक बसत. प्रसंग पाहून पेटीवर सूर धरला जाई, युद्ध आले की तबला घुमे. चित्र रोज तेच, पण संगीत रोज नवे. सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. तेथील लोकांना थोड्या पैशांत रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय होती. तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात काढली की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा हा खेळ केवळ तीन आण्यांत पाहा. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलही नव्हती. मैलांच्या बाबतीत जादूगाराने हात दाखवला खरा. पण एका फुटात सोळा चित्रे धरली तर छायाचित्रांचा आकडा काही फुगवलेला नव्हता. खेळाला गर्दी लोटली. पुढे लहान गावांत पडदा, यंत्र आणि फिल्म बैलगाडीत घालून खेळ केले जात, आणि परतताना गाडीत नाण्यांचे वजन असे.

कारखाना नाशिकला गेला. तेथे 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्यास प्रारंभ झाला. १९१७ साली 'लंकादहन' आला. त्यात साळुंके हेच राम आणि साळुंके हीच सीता! भागीदारांशी पुन्हा बिनसले, दादासाहेब काशीला जाऊन राहिले, तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि १९२२ साली ते परतले. त्यांनी केलेल्या चित्रपटांची संख्या शंभराच्या आसपास जाते. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला. आता पडद्यावरची माणसेच बोलू व गाऊ लागली; वादकांच्या जागा रिकाम्या झाल्या. दादासाहेबांनी १९३७ साली कोल्हापुरात 'गंगावतरण' हा बोलपट केला, पण साठी उलटलेल्या त्या कलावंताला नवे युग मानवले नाही. शेवटची वर्षे नाशिकला हलाखीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडी फिल्म उरली. जी उरली ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली आहे. तीत १९१९ सालचा 'कालियामर्दन' आहे. कृष्णाची भूमिका दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ती काही वेळ नुसती कॅमेऱ्यासमोर दिसते. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात, आणि समोर ठेवलेल्या त्या यंत्राची तिला जराही भीती वाटत नाही.