रयतमाउली लक्ष्मीबाई : एक पुण्यस्मरण

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे चतुर्विध दान आपल्या धर्मात सांगितले आहे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दात्यांचे ऋण व्यक्त करीत असताना, ज्यांचे दान कोणत्याही पावतीपुस्तकात बसणारे नव्हते अशा एका जैन मातेचे स्मरण करणे उचित ठरेल. त्या माता म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या सहधर्मचारिणी सौ. लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजचे. आपल्या वाशीम जिल्ह्यातील जैन बांधवांना हे गाव परके नाही. ज्यांनी १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली, त्या पूज्य समंतभद्र महाराजांनी पुढे याच कुंभोजजवळील बाहुबली क्षेत्री गुरुकुल उभे केले. अशा धर्मपरायण भूमीतील सुखवस्तू घराण्यात त्या वाढल्या. देवदर्शन, व्रतवैकल्ये आणि सोवळे-ओवळे यांचे संस्कार त्यांच्या मनावर खोलवर झालेले होते.

भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली व १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांची खेड्यापाड्यांतील गरीब मुले एका छपराखाली राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना ती आरंभी जड गेली, यात नवल नाही. परंतु उपाशी लेकराची जात विचारून भाकरी वाढता येत नाही, हे त्यांच्यातील मातेने ओळखले. आपल्या स्वयंपाकघराचे दार त्यांनी सर्वांसाठी उघडले. आजारी मुलाची शुश्रूषा, घरच्या आठवणीने रडणाऱ्याची समजूत, हे सारे त्या पोटच्या मुलांप्रमाणेच करीत. मुले त्यांना वहिनी म्हणत. त्यांच्या ठिकाणी ती आईच होती.

संस्थेजवळ पैसा नव्हता. मुलांची संख्या मात्र वाढत होती. माहेराहून आणलेले दागिने एकेक करून वसतिगृहाच्या खर्चासाठी गेले. एकदा भाऊराव मदत मिळविण्यासाठी परगावी गेले असता कोठीतील धान्य संपले. मुले उपाशी राहण्याची वेळ आली. तेव्हा सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही लक्ष्मीबाईंनी गळ्यातून काढून दिले आणि त्या पैशांतून धान्य आणून मुलांना जेवू घातले. त्या काळच्या स्त्रीला मंगळसूत्राचे मोल किती होते, हे आपल्या आजी-आईंना पाहिलेल्यांना सांगावयास नको.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. कार्याला देशपातळीवर मान्यता मिळाली. पण ते वैभव पाहण्यास लक्ष्मीबाई फार काळ राहिल्या नाहीत. ३० मार्च १९३० रोजी, ऐन तारुण्यात, त्यांचे देहावसान झाले. भाऊरावांनी त्यानंतर २९ वर्षे हा यज्ञ अखंड चालविला. १९४० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या सेवकांच्या पतपेढीला लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. १९५९ मध्ये कर्मवीरांना पद्मभूषण किताब मिळाला व त्याच वर्षी ९ मे रोजी तेही निवर्तले. आज रयतच्या शेकडो शाळा-महाविद्यालयांतून लक्षावधी मुले शिकत आहेत.

आम्ही व्यापारी माणसे जमाखर्चाच्या भाषेत विचार करतो. सोने किती दिले, याची नोंद वहीत करता येते. परंतु जन्मभराचा सोवळ्याचा आग्रह सोडून देणे, ही रक्कम कोणत्या खात्यावर मांडावी? माझ्या मते लक्ष्मीबाईंचे पहिले आणि मोठे दान तेच होय. ते दिले म्हणून पुढचे सोने सार्थकी लागले. आहारदानातूनच शास्त्रदानाची वाट निघते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

पोहरादेवीत रामनवमीला लक्षावधी बंजारा बांधव येतात. अशा भूमीत राहणाऱ्या आपल्या अल्पसंख्य समाजाने वर्षभर कोणासाठी पान मांडावे, आपल्या मदतीने कोणाचे मूल शिकावे, याचा विचार पुढील पन्नास वर्षांसाठी करावयाचा आहे. त्या वेळी सातारच्या त्या पंगतीची आठवण ठेवावी, एवढीच नम्र विनंती.

रयतमाउलीच्या पवित्र स्मृतीस कोटी कोटी प्रणाम. जय जिनेंद्र.