हर्णैचा पावसाळा : मार्गारेट विल्सनबाई यांचें चरित्र

मुंबईस गांवदेवी येथें सेंट कोलंबा नांवाची मुलींची शाळा आहे. तिचें मूळ १८३२ सालापर्यंत मागें जातें, आणि तें रोवणाऱ्या बाई मार्गारेट विल्सन ह्या होत. त्यांचे पति डॉ. जॉन विल्सन यांचें नांव विल्सन कॉलेजामुळें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ह्या उभयतांच्या कामाची तयारी कोंकणांत एका पावसाळ्यांत झाली, हें पुष्कळांस माहीत नाहीं.

बाईंचें माहेरचें नांव बेन. त्यांचा जन्म १७९५ सालीं स्कॉटलंडांतील ग्रीनक बंदरीं झाला. वडील पाळक असल्यामुळें घरीं शास्त्राभ्यासाचें वळण होतें, व पुढें ॲबर्डीन येथें त्यांस चांगलें शिक्षण मिळालें. १८२८ च्या ऑगस्टांत त्यांचा विवाह झाला आणि लागलींच तीं दोघें आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या लांबच्या जलप्रवासास निघालीं. १८२९ च्या फेब्रुवारींत तीं मुंबईस उतरलीं. त्या वेळीं विल्सनसाहेब चोवीस वर्षांचे व बाई तेहतीस वर्षांच्या होत्या.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचें काम तेव्हां मुंबईच्या दक्षिणेस बाणकोट व हर्णै येथें चालत असे. बाणकोट सावित्री नदीच्या मुखावर असून पैलतीरीं रायगड जिल्ह्याचा किनारा व हरिहरेश्वराचा डोंगर दिसतो. तेथील किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता. ह्या मिशनाचे पहिले मिशनरी डोनल्ड मिचेल हे १८२३ सालीं आले आणि त्याच वर्षीं मरण पावले. ह्या प्रांतीं येणाऱ्यास आयुष्याचा भरंवसा किती थोडा होता, हें ह्यावरून कळून येईल. विल्सन पतिपत्नी प्रथम बाणकोटास व मग हर्णैस गेलीं, आणि तेथें कूपर नांवाच्या मिशनरी कुटुंबांत राहून मराठी शिकूं लागलीं.

कोंकणचा पावसाळा आपल्या वाचकांस सांगावयास नको. हर्णैजवळच्या दापोलीच्या टापूंत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. समुद्र खवळला म्हणजे गलबतें किनाऱ्यावर ओढून झांपांनीं झांकून ठेवावीं लागत, व नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईची वाट बंद होई. खाड्या भरून वाहत आणि गांवोगांव फिरणें कठीण पडे. अशा चार महिन्यांत मिशनऱ्यानें काय करावें? वरवर पाहतां हा वेळ वायां गेला असें कोणी म्हणेल.

परंतु त्यांनीं हाच काळ भाषेस दिला. साधनें फार थोडीं होतीं. अमेरिकन मिशनाचा मराठी नवा करार १८२६ सालीं पुरा झाला होता, पण मोल्सवर्थसाहेबांचा मोठा कोश १८३१ पर्यंत निघाला नव्हता. पुष्कळशी भाषा लोकांच्या तोंडूनच उचलावी लागे. विल्सनसाहेबांनीं त्याच वर्षीं मराठींत उपदेश करण्यास आरंभ केला. बाईही मागें राहिल्या नाहींत. साहेबांचें बोलणें चव्हाट्यावरील पुरुषांपर्यंत पोहोंचे. माजघरांतील स्त्रीपर्यंत दुसऱ्या स्त्रीनेंच जावयाचें होतें, आणि तिला दुभाषी कोठून मिळणार?

पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरांत तीं मुंबईस आलीं. मुलींस शिकविणें बहुतेकांस अनुचित वाटे. अमेरिकन मिशनानें १८२४ सालीं मुलींची शाळा काढली होती खरी, तरी वाट अजून बिकट होती. बाईंनीं एकामागून एक शाळा काढल्या. साहेब हिंवाळ्यांत दूरच्या फेरीस गेले म्हणजे मिशनाचा कारभारही त्याच पाहत. पुत्र अँड्र्यू १८३१ सालीं जन्मला. तो पुढें प्रवासी व ग्रंथकार म्हणून नांवाजला. १८३२ सालीं साहेबांनीं बेने इस्राएल लोकांसाठीं इब्री व्याकरण मराठींत लिहिलें. अलिबाग, रेवदंडा ह्या भागांत तेल गाळणारे व शनिवार पाळणारे म्हणून ज्यांस शनवार तेली म्हणत, तेच हे लोक. कोंकणांत शिकलेली भाषा अशी कोंकणच्या लोकांच्या कामीं आली.

१८३५ च्या १९ एप्रिलास बाई मुंबईस निवर्तल्या. वय अवघें एकोणचाळीस. पुढें त्यांच्या दोन बहिणींनीं स्कॉटलंडाहून येऊन शाळांचें काम उचललें. साहेबांनीं १८३८ सालीं बाईंचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि स्वतः १८७५ पर्यंत मुंबईंतच सेवा करून तेथेंच देह ठेविला.

वाचकहो, हिशेब करून पाहा. बाईंस ह्या देशांत सहा वर्षें व दोन महिने मिळाले. त्यांपैकीं पहिल्या वर्षाचा मोठा भाग शिकण्यांत गेला. आपलें आयुष्य किती थोडें उरलें आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें, तर कदाचित् मित्रांनीं घाई करण्याची सल्ला दिली असती. पण तो भाग वगळला असता तर उरलेलीं पांच वर्षें मुकीं गेलीं असतीं. आतां किनाऱ्यावर रस्ते झाले आहेत, तरी आषाढांत उपदेशकाची फेरी अजून अडते व शेतकरी भाऊ लावणींत गुंततात. अशा दिवसांत ज्याच्या घरीं दिवा लावून पुस्तक उघडलें जातें, शेजाऱ्याची बोली लक्ष देऊन ऐकली जाते, त्याचा पावसाळा रिकामा गेला असें कोणी म्हणूं नये. भात पावसांतच रुजतें. कापणी मागून येते, आणि ती कधीं कधीं दुसऱ्याच्या हातून होते.